‘सुधारणे’पासून ‘पात्रते’पर्यंत : मुंबईतील गरीब वस्त्यांविषयीच्या योजनांची परिभाषा

शासकीय योजनेचे परीक्षण सामान्यतः तिच्या अंदाजपत्रकावरून, नकाशांवरून आणि प्रत्यक्ष झालेल्या बांधकामावरून केले जाते. तिच्या परिभाषेकडे टीकाकाराचे लक्ष क्वचित जाते; गेलेच तर शब्द संस्कृतप्रचुर आहेत की सुबोध आहेत, एवढ्याच अंगाने जाते. वस्तुतः नगररचनेची योजना ही प्रथम एक संहिता असते आणि तिच्यातील नामांच्या व्याख्यांवर माणसांची घरे उभी राहतात वा पडतात. ‘कुटुंब’, ‘बांधकाम’, ‘रहिवासी’, ‘पात्र’ या शब्दांचा जो अर्थ संहितेत ठरतो त्याप्रमाणे सार्वजनिक पैसा एका दारात शिरतो व शेजारच्या दारावरून पुढे निघून जातो. मुंबईतील गरीब वस्त्यांसाठी गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या योजना झाल्या त्यांची परिभाषा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तीत एक स्थित्यंतर स्पष्ट दिसते. सार्वजनिक खर्चाची भाषा हळूहळू दानाची भाषा झाली आहे आणि त्या ओघात रहिवासी हा वाक्यातील कर्त्याच्या स्थानावरून सरकत गेला आहे.

आरंभीचा शब्द ‘सुधारणा’ हा होय. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. मराठीत ‘सुधारणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे व सकर्मकही: ‘मुलगा सुधारला’ असे म्हणता येते, तसेच ‘गुरुजींनी निबंध सुधारला’ असेही म्हणता येते. ट्रस्टच्या कारभारात यांपैकी दुसराच प्रयोग उरला, आणि त्याचे कर्म माणूस नव्हते, जमीन होती. नागपाड्यासारख्या दाट भागांतील घरे पाडली गेली, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे प्रशस्त रस्ते काढले गेले, शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याची आखणी झाली. पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्यांची संख्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक राहिली. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या आधीच गजबजलेल्या चाळींत शिरले. म्हणजे जागा सुधारली व गर्दी केवळ हलली. १९१५ पासून हिंदुस्थानातील नगरांविषयी अहवाल लिहिणाऱ्या आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू करणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी या पाडकामाच्या रीतीस विरोध केला होता. त्यांचा आग्रह असा, की वस्तीत कमीत कमी घरे पाडावीत व मोकळी जागा युक्तीने काढावी. परंतु या रीतीसाठी त्यांनी योजलेली संज्ञाही शस्त्रक्रियेचीच होती. वस्ती म्हणजे रोग्याचे शरीर ही कल्पना तेव्हा इतकी रुजलेली होती, की तिचा विरोधकही तिच्याच भाषेत बोलत होता.

१९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी कर्ज उभारले गेले व शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसविला गेला. सार्वजनिक पैसा कोठून आला व कशावर खर्च झाला हे येथे नि:संदिग्धपणे सांगता येते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी. संकल्प अपुरा राहिला. वरळी, नायगाव, परळ व शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळ चार मजल्यांची, तीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. आरंभीच्या वर्षांत कामगार त्यांत राहावयास फारसे राजी नव्हते आणि कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. पुढे ते खाते बंद पडले, परंतु त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘बीडीडी’ हा मराठी शब्द होऊन बसला. तो आता कोणत्याही खात्याचे नाव नाही. एका विशिष्ट शेजाराचे, व्यायामशाळांचे, गणेशोत्सवाचे, गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या दिनक्रमाचे नाव आहे. खात्याने खोल्या बांधल्या. वस्ती लोकांनी केली. मराठीत ‘वसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे व त्याचा कर्ता वसणारा स्वतः असतो, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील परिभाषेत दोन नवे शब्द येतात. त्यांतला पहिला ‘गलिच्छ वस्ती’. इंग्रजी ‘स्लम’ला प्रतिशब्द म्हणून शासकीय मराठीने बराच काळ हा शब्द चालविला. विशेषणाचे काम नामाचा गुण सांगणे हे होय. गलिच्छपणा हा जणू वस्तीचा स्वभाव आहे असे या विशेषणाने ठरून गेले. वास्तविक, गटार न बांधणे, कचरा न उचलणे, शंभर घरांना एक नळ देणे ही नगरपालिकेच्या क्रियांच्या अभावाची नावे आहेत. जे वाक्य ‘पालिकेने गटार बांधले नाही’ असे असावयास हवे होते ते ‘वस्ती गलिच्छ आहे’ असे झाले. त्याच्या जागी पुढे रूढ झालेला ‘झोपडपट्टी’ हा शब्द निदान वर्णनपर आहे. (घरपट्टी भरणारे घर अधिकृत आणि झोपडपट्टीतले अनधिकृत, असा ‘पट्टी’ या एकाच शब्दाचा दुहेरी संसार मराठीत चालू आहे, हे जाता जाता नोंदविण्यासारखे.)

दुसरा शब्द अधिक गंभीर आहे. केंद्राचा १९५६ चा आणि महाराष्ट्राचा १९७१ चा असे या विषयावरील दोन्ही कायदे इंग्रजीत ‘क्लिअरन्स’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ जागा मोकळी करणे. मराठीत तो ‘निर्मूलन’ झाला, म्हणजे मुळासकट उपटणे. देवीचे निर्मूलन, हिवतापाचे निर्मूलन आणि झोपड्यांचे निर्मूलन ही एकाच पंक्तीत बसली. भाषांतरात अर्थ सौम्य होतो असा सार्वत्रिक समज आहे. येथे तो कठोर झाला. शिवाय १९७१ च्या कायद्याच्या शीर्षकात सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. यांपैकी कोणता शब्द कोणत्या वस्तीस लागू करावयाचा हे ठरविणे प्रशासनाकडे असते, त्यामुळे एकाच शीर्षकाखाली परस्परविरुद्ध क्रिया चालू शकल्या.

तरीही १९७० नंतरची पंधरा वर्षे या परिभाषेच्या इतिहासात सर्वांत आशादायक म्हणावी लागतील. ‘सुधारणा’ या शब्दाला तेव्हा पुन्हा मूर्त अर्थ आला: नळ, संडास, गटार, पायवाट, दिवे. या पाच नामांत अलंकार नाही, आणि खर्च झाला की नाही हे वस्तीतील कोणीही डोळ्यांनी पाहून सांगू शकत होते. १९७६ मध्ये झोपडपट्ट्यांची गणना होऊन ओळखपत्रे दिली गेली. १९८५ च्या जुलैत पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्या निकालाने हकालपट्टी थांबविली नाही, तिला रीतसर प्रक्रियेची अट घातली; परंतु माणूस जेथे काम मिळते तेथे राहतो, ही साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत आली. जागतिक बँकेच्या साह्याने त्याच सुमारास सुरू झालेल्या नागरी विकास प्रकल्पात रहिवाशांच्या सहकारी संस्थेस जमीन भाडेपट्ट्याने द्यावयाची व घर रहिवाशाने कर्ज घेऊन आपणच सुधारावयाचे, अशी तरतूद होती. येथे ‘सुधारणे’चा कर्ता रहिवासी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी शंभर कोटी रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्यातील एक भाग धारावीसाठी होता. ही रक्कम शहराच्या गरजेपुढे तोकडी होती यात शंका नाही. पण ती रक्कम होती, तिला आकडा होता, आणि आकड्याचा हिशेब मागता येतो.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि परिभाषेचा पायाच बदलला. या योजनेचे सूत्र सुपरिचित आहे: विकासकाने झोपडीधारकास विनामूल्य घर बांधून द्यावयाचे व त्याच्या मोबदल्यात त्याला खुल्या बाजारात विकण्यासाठी वाढीव बांधकामाची परवानगी मिळावयाची. या परवानगीचे माप म्हणजे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. इंग्रजी ‘कार्पेट’चा गालिचा न होता चटई झाली, हे भाषांतरकाराच्या विवेकाचे लक्षण मानावे की विनोदबुद्धीचे, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उघड आहे. वाढीव चटई क्षेत्र ही सार्वजनिक संपत्तीच आहे. ते देताना शहर आपल्या रस्त्यांवर, पाण्यावर, मोकळ्या हवेवर भार घेते आणि पुष्कळदा शासकीय जमीनही देते. परंतु अंदाजपत्रकात या देण्याची ओळ नसते. कापसाच्या गाठीवरील रुपया दिसत होता, शंभर कोटी दिसत होते. चटई क्षेत्र दिसत नाही. खर्च अदृश्य झाला म्हणूनच घर ‘मोफत’ या विशेषणास पात्र ठरले.

‘पात्र’ हाच या नव्या परिभाषेचा मध्यवर्ती शब्द होय. संस्कृतात तो पिण्याच्या भांड्याचे नाव. पुढे नाटकातील भूमिकेचे. आणि धर्मशास्त्रात दान घेण्यास योग्य अशा व्यक्तीचे. सत्पात्री दान हा प्रयोग मराठीत आजही जिवंत आहे. दान योग्य ठरावयास देश, काल व पात्र या तिन्हींचा विचार करावा असे परंपरा सांगते. प्राधिकरणाची पात्रता-निश्चिती नेमक्या याच तीन गोष्टी तपासते: झोपडी कोठे आहे, कोणत्या दिनांकापूर्वीची आहे, आणि राहणारा कागदपत्रांनी सिद्ध होतो काय. ही तुलना कोणी जाणूनबुजून संहितेत घातली असे नव्हे. शब्द आपले पूर्वसंस्कार बरोबर आणतात, एवढेच येथे दिसते. नागरिकाला हक्क असतो; पात्राला योग्यता सिद्ध करावी लागते. ती योग्यताही स्थिर नाही. मर्यादेचा दिनांक १९७६ वरून १९८०, १९८५, १९९५, २००० असा सरकत गेला आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना शुल्क आकारून घर देण्याचे ठरले. त्याच खोलीत झोपलेला माणूस एका निर्णयाने रातोरात पात्र झाला. जो गुण माणसात काहीही बदल न होता बदलतो, तो त्याचा गुण नव्हे. तो निवडणुकीच्या पंचांगाचा गुण म्हणावयास हवा.

या योजनेत रहिवासी वाक्याचा कर्ता होऊ शके असे एक क्रियापद शिल्लक होते: संमती देणे. आरंभी सत्तर टक्के झोपडीधारकांची संमती आवश्यक होती, पुढे ती एक्कावन्न टक्क्यांवर आली, आणि धारावीच्या प्रकल्पात तिची अटच ठेवलेली नाही. उरलेली सर्व वाक्ये ‘स्थलांतरित करण्यात येईल’, ‘निष्कासित करण्यात येईल’, ‘पुनर्वसन करण्यात येईल’ या धाटणीची. ‘-ण्यात येणे’ ही रचना शासकीय मराठीची आवडती आहे, कारण तीत कर्ता सांगावाच लागत नाही. ‘पुनर्वसना’त वस्‌ हा धातू आहे खरा, पण वसणारा माणूस त्या वाक्यात षष्ठीत जाऊन बसला आहे: रहिवाशांचे पुनर्वसन.

‘पुनर्विकास’ हा एकच शब्द आज दोन अगदी भिन्न गोष्टींना लावला जातो. बीडीडी चाळींचे काम म्हाडा या सार्वजनिक संस्थेकडे आहे. २०१७ मध्ये त्याचा आरंभ झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबास स्वतःचा संडास मिळणे ही गोष्ट कोणत्याही परिभाषा-चिकित्सेने लहान होत नाही. आणि ती घरे त्याच जागी आहेत, यात ‘पुनर्’ या उपसर्गाचे सार्थक आहे.

धारावीचे तसे नाही. तेथे खाजगी उद्योगसमूहाचा ऐंशी टक्के व शासनाचा वीस टक्के भाग असलेली कंपनी काम करते. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यास धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य; २००० ते २०११ मधील रहिवाशास धारावीबाहेर, पैसे भरून; त्यानंतरचे आणि वरच्या माळ्यांवरचे धारावीबाहेर, भाडेतत्त्वावर. ज्याला धारावीबाहेर पाठवावयाचे त्याच्या बाबतीत ‘पुनर्’ म्हणजे पुन्हा कोठे, हा प्रश्न उपसर्गापाशीच अडतो. तसाच माळ्याचा. मुंबईच्या मराठीत माळा, पोटमाळा, गाळा, पडवी असे बारीक भेद दाखविणारे शब्द आहेत, कारण या शहरात माणसे या भेदांतच राहतात: खाली कारखाना, वर बिऱ्हाड, खाली धाकट्या भावाचे, वर थोरल्याचे. मोजणीच्या भाषेत हे भेद येतात ते वजाबाकीसाठी. तळमजला हे ‘बांधकाम’, आणि वरचा माळा म्हणजे त्याच जिन्यावरून चढणारे, पण शहराच्या दुसऱ्या टोकास जाणारे कुटुंब.

कुंभारवाड्यात तर ही परिभाषा सर्वस्वी अपुरी पडते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या या वाड्यात माती मळण्याची जागा, चाक, भट्टी आणि चूल एका छपराखाली वा एका अंगणात असतात. वाळत घातलेली मडकी घराबाहेर असतात, पण घराचीच असतात. भट्टी अनेकदा सामाईक असते आणि तिचा धूरही सामाईक असतो. संहितेला मात्र ‘निवासी’ आणि ‘अनिवासी’ असे दोनच रकाने ठाऊक आहेत. अंगण कोणत्या रकान्यात घालावे याचे उत्तर तीत नाही. तीन घरांच्या सामाईक भट्टीस कोणत्या एका नावावर पात्र ठरवावयाचे, याचेही नाही.