बिनतारी वहनवेगाचा स्तंभ : एक चिकित्सा

बिनतारी जाळ्यांच्या अभ्यासात पॅकेट-विश्लेषकाचे स्थान रसायनशाळेतील तराजूसारखे आहे. तराजूने दाखविलेले वजन खरे मानूनच पुढील सारे गणित मांडले जाते. म्हणून तराजू तोलतो कसा, हे ठाऊक असणे ही प्रयोगाची पहिली अट ठरते. १९९८ साली ‘इथरियल’ या नावाने प्रसिद्ध झालेला आणि २००६ पासून ‘वायरशार्क’ म्हणून ओळखला जाणारा विश्लेषक अभ्यासकाला पॅकेटांच्या यादीतील स्तंभ स्वतःच्या गरजेनुसार रचू देतो. बिनतारी जाळ्याचा अभ्यासक बहुधा जो स्तंभ आरंभीच जोडतो तो वहनवेगाचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाला किती मेगाबिट या वेगाने हवेत सोडली गेली हे सांगणारा. फ्रेमच्या तपशिलातील योग्य क्षेत्रावर उजवी कळ दाबून ‘अप्लाय ॲज कॉलम’ निवडले की तो सिद्ध होतो. हा स्तंभ जोडणे सोपे आहे. वाचणे मात्र सोपे नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

पहिला प्रश्न, स्तंभ कोणत्या क्षेत्रावरून काढावा. जुना परिपाठ ‘रेडिओटॅप’ शीर्षभागातील ‘डेटा रेट’ हे क्षेत्र घेण्याचा आहे. हे क्षेत्र एका बाइटचे असून त्याचे एकक अर्धा मेगाबिट आहे, अर्थात १२७.५ मेगाबिटांपलीकडील वेग त्यात मावतच नाही. ८०२.११ बी चे १ ते ११ आणि ए व जी यांचे ६ ते ५४ मेगाबिट एवढ्यापुरते ते पुरेसे होते. २००९ च्या ८०२.११ एन पासून वेग थेट न नोंदविता एका क्रमांकाने नोंदविला जाऊ लागला, आणि जुन्या क्षेत्रावर बेतलेला स्तंभ अशा फ्रेम्सपुढे सामान्यतः रिकामा राहतो. नवख्या वाचकाला रिकामी जागा म्हणजे फ्रेमचा दोष वाटतो. वस्तुतः तो स्तंभाच्या निवडीचा दोष असतो.

कोणी म्हणेल, मग तो क्रमांकच स्तंभात घ्यावा. परंतु क्रमांक म्हणजे वेग नव्हे. ८०२.११ एन मध्ये क्रमांक ७ चा अर्थ वाहिनीची रुंदी व संरक्षक अंतर यांनुसार ६५, ७२.२, १३५ किंवा १५० मेगाबिट असा होतो. क्रमांक ८ ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. एन मध्ये तो दोन प्रवाहांचा सर्वांत मंद वेग, २० मेगाहर्ट्झवर १३ मेगाबिट, दर्शवितो. २०१३ च्या ८०२.११ एसी मध्ये तोच क्रमांक त्याच रुंदीवर एका प्रवाहात ७८ मेगाबिट दर्शवितो. म्हणून २.० या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘डब्ल्यूलॅन रेडिओ’ विभागातील ‘डेटा रेट’ हेच क्षेत्र घेणे श्रेयस्कर. ते क्रमांक, रुंदी व अंतर यांवरून वेगाची गणना करून देते. मात्र ही गणना आहे, मोजमाप नव्हे. शीर्षभागात माहिती अपुरी असली की गणनाही अडते.

दुसरा प्रश्न साक्षीदाराचा. स्तंभात दिसतात त्या सर्व फ्रेम्स टिपणाऱ्या यंत्राला वाचता आलेल्या फ्रेम्स होत. एकच अँटेना असलेल्या ग्राहकाला दोन प्रवाहांच्या फ्रेम्स उलगडत नाहीत. त्यांच्या पोचपावत्या मात्र २४ मेगाबिटांसारख्या मंद वेगाने येतात आणि त्या नीट वाचल्या जातात. परिणामी स्तंभ मंद आकड्यांनी भरतो आणि अभ्यासक जाळे मंद असल्याचा निर्णय देतो. प्रत्यक्षात अपुरा असतो तो साक्षीदार. म्हणून वेगाच्या शेजारी फ्रेमचा प्रकार, पुनःप्रेषणाची खूण व संकेतबल हे तीन स्तंभ नसतील, तर वेगाचा स्तंभ पुरावा म्हणून स्वीकारू नये.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न सरासरीचा. समान लांबीच्या दहा फ्रेम्स १ मेगाबिटने व दहा ५४ मेगाबिटने गेल्या असे मानू. स्तंभाची साधी सरासरी २७.५ येते. पण १५०० बाइटांच्या फ्रेमला पहिल्या वेगाने १२ मिलिसेकंद लागतात, तर दुसऱ्या वेगाने सुमारे ०.२२. प्रास्ताविक संकेतांचा काळ सोडला तरी हवेच्या वेळेच्या हिशेबाने खरा वेग सुमारे १.९६ मेगाबिट एवढाच ठरतो. या प्रश्नाचे महत्त्व केवळ अंकगणितापुरते नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ साली ८०२.११ बी संबंधी दाखवून दिले की, एक यंत्र १ मेगाबिटवर उतरले की ११ मेगाबिटने बोलणाऱ्या इतरांचा प्रत्यक्ष लाभही १ मेगाबिटच्या खाली जातो. कारण प्रवेशाची पद्धती सर्वांना समान संधी देते, समान वेळ देत नाही. हा अन्याय उघड करण्यास साधी सरासरी असमर्थ आहे. किंबहुना ती तो झाकते.

यावर उपाय याच साधनात आहे. ‘डब्ल्यूलॅन रेडिओ’ विभाग फ्रेमचा हवेतील कालावधीही देतो, आणि तो काढताना काही गृहीत धरले असल्यास तशी नोंद करतो. साधनाचा हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय आहे. २०२४ च्या ४.४ या आवृत्तीपासून स्तंभात अंकगणितही मांडता येते. लांबी व कालावधी यांचे गुणोत्तर काढताना एवढेच ध्यानात ठेवावे की, फ्रेमच्या नोंदलेल्या लांबीत रेडिओटॅप शीर्षभागाचे बाइट असतात. ते हवेतून कधी गेलेलेच नसतात. म्हणून ते वजा केले पाहिजेत.

सारांश, साधनाने अभ्यासकाला स्तंभरचनेचे स्वातंत्र्य दिले आहे. पण त्या स्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी साधन घेत नाही. ज्या प्रबंधात वेगाचे कोष्टक आहे, त्यात स्तंभ कोणत्या क्षेत्राचा, विश्लेषकाची आवृत्ती कोणती आणि टिपणाऱ्या ग्राहकाच्या अँटेना किती, हे तीन तपशील असलेच पाहिजेत. ते नसतील तर कोष्टकातील आकडे पडताळून पाहण्याचा मार्ग परीक्षकापुढे उरत नाही.