पोफळीची किंमत : दिवेआगरच्या वाडीतून 'लाउदातो सी' वाचताना

पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र २०१५ साली प्रसिद्ध झाले. आमच्या धर्मग्रामांतून त्याचे वाचन झाले ते मुख्यत्वे २११व्या परिच्छेदापुरते. प्लास्टिक टाळावे, पाणी जपून वापरावे, झाडे लावावीत, विनाकारण दिवे जाळू नयेत, या त्यातील सूचना प्रवचनास सोयीच्या आहेत. वृक्षारोपणाचे छायाचित्र घेऊन घरी परतणाऱ्यांसही सोयीच्या आहेत. २४६ परिच्छेदांच्या या पत्रातील विज्ञान, अर्थकारण व राजकारण यांवरची प्रकरणे मात्र बहुधा मिटलेलीच राहिली. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या ग्रंथात या पत्राची पॅरिस कराराशी तुलना करून पत्राच्या स्वच्छ भाषेस झुकते माप दिले. ख्रिस्तसभेबाहेरच्या लेखकाने जे गांभीर्याने वाचले ते आम्ही घरच्यांनी चाळले, ही खंत नोंदवूनच पुढे जातो.

पत्र वाचून पाहावे ते एखाद्या ठिकाणी उभे राहून, असे आम्हांस वाटते. कोर्लईच्या आपल्या ख्रिस्ती वस्तीवरून किनाऱ्याने दक्षिणेस गेले की श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर लागते. १०६० सालचा मराठी ताम्रपट ज्या गावाने जपला, त्या गावची खरी दौलत म्हणजे माड-पोफळींच्या वाड्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. काही तासांत श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील वाड्या आडव्या झाल्या. हा केवळ दैवाचा कोप नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांना १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. समुद्राचे पाणी तापले की वादळास बळ मिळते. पत्राचे पहिले प्रकरण हेच विज्ञान सांगते, आणि न कचरता सांगते.

आता हिशेबाकडे वळू. शासनाने प्रथम फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. कोकणात वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. म्हणजे गुंठ्यास सुमारे ५०० रुपये. पुढे झाडाचा हिशेब आला : माडास २५० रुपये, पोफळीस ५० रुपये. लावलेली पोफळ हाताशी उत्पन्न देईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. शिवाय पोफळ एकटी उभी नसते. तिच्या अंगावर मिरीचा वेल चढलेला असतो, सावलीत जायफळ वाढते, पाटाच्या कडेला केळ असते. वरचे छत्र गेले की खालचे उन्हात करपते. वाऱ्याने न पाडलेल्या झाडाची ही हानी कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न पंचनामा करणाऱ्या तलाठ्यास आम्ही काय म्हणून विचारावा? त्याच्या हातात वरून आलेला छापील नमुना असतो.

या प्रश्नावर पत्र आम्हांस अर्ध्या वाटेपर्यंत नेते. प्राणिमात्रांस व वनस्पतींस स्वतःचे मोल आहे, त्यांस केवळ उपयोगी साधन समजू नये, असे ३३वा परिच्छेद म्हणतो. नफ्यातोट्याच्या गणिताने पर्यावरण राखता येत नाही, असे १९०वा सांगतो. हे खरेच आहे. परंतु ज्याची वाडी पडली त्याला 'मोल पैशांत होत नाही' हे वचन ऐकवणे म्हणजे त्याला ५० रुपयांवर सोडून देणे होय. १९५व्या परिच्छेदात पर्यावरणाच्या वापराचा खर्च उघडपणे मोजावा व ज्याने तो वापर केला त्यानेच सोसावा, अशी न्यायाची कसोटी आहे. ती वाचून आमचा हुरूप वाढतो. मात्र झालेली हानी कोणी, कशी मोजावी, याविषयी पत्र बोलत नाही. त्याचा शत्रू फार मोठा आहे. 'तंत्रसत्तेची दृष्टी' एवढ्या उंचीवरून पाहिली की तहसील कचेरी, पीकविमा, सातबारा ही मधली माणसांची पायरी दिसेनाशी होते.

तथापि १२९व्या परिच्छेदाकडे डोळेझाक करणे अन्यायाचे ठरेल. लहान शेतकरी जगाचा मोठा भाग पोसतात आणि बाजाराच्या रेट्यामुळे त्यांना जमिनी विकाव्या लागतात, हे तिथे नेमके मांडले आहे. पर्यटकांसाठी बांधलेली खोली पाच-सात वर्षे वाट पाहायला लावत नाही. वाडी मोडण्याचा मोह तिथूनच शिरतो. पिढ्यांमधील न्यायावरचे १५९ ते १६२ हे परिच्छेद दिवेआगरच्या आजोबांना कोणी समजावून सांगावे लागणार नाहीत, कारण पोफळ लावणारा माणूस नातवासाठीच लावतो.

आमच्याकडे अशी वाचनाची परंपरा नाही असे नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात पाणी, शेती आणि नगरविकासाचा आराखडा एकत्र वाचायला शिकवले होते, आणि तेही या पत्राच्या कितीतरी आधी. २०२३ च्या 'लाउदाते देउम' या पत्रात पोप फ्रान्सिस स्वतःही हिशेबाच्या बाजूस सरकलेले दिसतात. २०२२ च्या शर्म अल-शेख परिषदेत हानी-नुकसानीच्या निधीस जी मान्यता मिळाली तिची ते दखल घेतात. तो निधी राष्ट्राराष्ट्रांतला आहे. गावापर्यंतची वाट त्याच्या नियमांत कशी आखली जाते, हे पाहण्यासाठी आमच्या अभ्यासमंडळांनी यंदा तरी सहावे प्रकरण मागे ठेवून चौथे व पाचवे आधी घ्यावे, आणि वाचताना शेजारी एखादा पंचनाम्याचा कागद ठेवावा.