शेरा ‘मेजर रिव्हिजन’चा, शिक्का ‘अ‍ॅक्सेप्ट’चा : व्हिडिओकॉनचा आदेश वाचताना

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात एक काम हमखास येतं : एखादा शोधनिबंध घ्या आणि त्याचं परीक्षण लिहा. बहुतेक जण आपल्याच विषयातला पेपर उचलतात. या वेळी मी मुद्दाम बाहेरचा मजकूर घेतोय, एक न्यायिक आदेश. त्यात आकडे आहेत, निरीक्षणं आहेत, चर्चा आहे आणि निष्कर्षही आहे. म्हणजे परीक्षणाला लागतं ते सगळं आहे. शिवाय विषय आपल्या जवळचा आहे. विधी शाखेचे जे मित्र नांदेड-लातूरच्या कोर्टात प्रॅक्टिस करता करता पीएच.डी.चा विचार करतायत, त्यांना तर तो रोजच्या कामाचा आहे.

व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज. नोंदणीकृत कार्यालय संभाजीनगर-पैठण रस्त्यावर चितेगावला, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात. एके काळी घराघरात टीव्ही पोचवणारी ही कंपनी जून २०१८ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत गेली. अख्ख्या महाराष्ट्रासाठी हे खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज स्टेट बँकेचा होता. ८ ऑगस्ट २०१९ ला न्यायाधिकरणानं समूहातल्या १३ कंपन्यांची प्रकरणं एकत्र केली, आणि ८ जून २०२१ ला वेदांत समूहातल्या ट्विन स्टार टेक्नॉलॉजीज या कंपनीचा आराखडा मंजूर केला. मी परीक्षणाला घेतोय तो हा २०२१ चा आदेश.

आधी आकडे

एकूण दावे ७१,४३३.७५ कोटी रुपयांचे. त्यातले मान्य झालेले दावे ६४,८३८.६३ कोटींचे. आराखड्याची रक्कम २,९६२.०२ कोटी. कंपन्या बंद करून मालमत्ता विकली असती तर अंदाजे २,५६८.१३ कोटी आले असते, याला अवसायन मूल्य म्हणतात. आणि घाईगर्दी नसताना, माहितगार विकणारा आणि घेणारा यांच्यात ठरेल ते रास्त मूल्य ४,०६९.९५ कोटी. धनकोंच्या समितीनं, म्हणजे मुख्यतः बँकांनी, ९५.०९ टक्के मतांनी आराखडा मंजूर केलेला होता. कंपनीला माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना कायद्यात ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतात. त्यांच्या वाट्याला मान्य दाव्याच्या ०.७२ टक्के रक्कम आली.

आदेशाचं पहिलं कौतुक इथंच करायला पाहिजे. हे सगळे आकडे त्यानं उघड मांडले. पुढं जाऊन घेणारा जवळपास काहीच देत नाहीये असं निरीक्षण नोंदवलं, आणि हा हेअरकट म्हणायचा की मुंडण, अशा अर्थाचा शेराही मारला. चांगल्या पेपरात नकोसा निकालसुद्धा तक्त्यात दिसतो. इथं तो दिसतो, म्हणून तर आज आपल्याला त्यावर बोलता येतंय.

आक्षेप पहिला : छेद कोणता?

केमिस्ट्रीवाल्यांना पर्सेंट यील्ड सांगायची गरज नाही. मिळालेला पदार्थ भागिले जास्तीत जास्त मिळू शकणारा पदार्थ. आणि तो जास्तीत जास्त किती, हे ठरतं लिमिटिंग रिएजंटवरून. जो रिएजंट ढिगानं टाकलाय त्यावरून यील्ड काढलं, तर चांगली रिअ‍ॅक्शनसुद्धा वाईट दिसते.

आदेशात म्हटलंय, आराखडा एकूण दाव्यांच्या ४.१५ टक्के आहे. पण एकूण दाव्यांत मान्य न झालेलेही दावे आहेत. मान्य दाव्यांवर हिशेब केला तर ४.५७ टक्के येतात. फरक छोटा आहे, पण छेद बदललाय हे परीक्षकानं लिहायलाच हवं. खरा फरक पुढं दिसतो. तेच २,९६२ कोटी अवसायन मूल्याच्या ११५ टक्के होतात आणि रास्त मूल्याच्या ७३ टक्के. रक्कम एकच, टक्के चार. यातला एकही खोटा नाही. प्रत्येक टक्का वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच. बँकांचं किती बुडालं? छेदात दावे घ्या. मोडीत काढण्यापेक्षा बरं झालं का? छेदात अवसायन मूल्य घ्या. मालमत्ता स्वस्तात गेली का? मग रास्त मूल्य घ्या.

दिवाळखोरी मंडळाच्या आकडेवारीतही हाच प्रकार आहे. मार्च २०२५ पर्यंत मंजूर आराखड्यांतून धनकोंना मान्य दाव्यांच्या सुमारे ३३ टक्के मिळाले, आणि अवसायन मूल्याच्या सुमारे १७० टक्के. संहितेवर टीका करणारा पहिला आकडा सांगतो, बाजू घेणारा दुसरा. दुसऱ्यातही एक मेख आहे. कंपनी न्यायाधिकरणात पोचते तोपर्यंत बऱ्याचदा यंत्रं गंजलेली असतात, माणसं निघून गेलेली असतात. छेद आधीच आटलेला, मग भागाकार मोठा येणारच. व्हिडिओकॉनच्या प्रकरणात न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतल्यापासून आराखडा मंजूर होईपर्यंत तीन वर्षं गेली. कायद्यानं आखलेली मुदत, कोर्टकचेरीचा वेळ धरून, ३३० दिवसांची आहे.

आणि ती गाजलेली ९९.२८ टक्के कपात? ती पूर्ण आराखड्याची नाही, ऑपरेशनल क्रेडिटरांची आहे. सगळ्यांची मिळून कपात आदेशाच्या हिशेबानं ९५.८५ टक्के. बोलताना हे दोन आकडे सर्रास मिसळतात. आपण मिसळू नयेत.

आक्षेप दुसरा : जुळलेला आकडा म्हणजे पुरावा नाही

अवसायन मूल्य आराखडे येईपर्यंत गुप्त ठेवायचं असतं. ट्विन स्टारची बोली त्याच्या जवळ आली, म्हणून गुप्ततेबद्दल शंका येते, असं न्यायाधिकरणानं नोंदवलं आणि मंडळाला लक्ष घालायला सांगितलं. शंका घेणं गैर नाही. पण विज्ञानाचा विद्यार्थी इथं थांबून विचारेल, जवळ म्हणजे किती जवळ? बोली १५ टक्के वर होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियमच असा आहे की दोन नोंदणीकृत मूल्यांककांच्या अंदाजात २५ टक्के फरक असला तर तो लक्षणीय धरायचा. म्हणजे तज्ज्ञांमध्ये १५ टक्क्यांचा फरक व्यवस्थेला चालतो. एकाच पडीक मालमत्तेकडं दोन हुशार माणसांनी स्वतंत्रपणे पाहिलं, तर त्यांचे अंदाज जवळ येऊही शकतात. संशय पक्का करायचा तर इतर प्रकरणांत बोली अवसायन मूल्याच्या किती जवळ पडतात ते पाहावं लागेल. तुलनेला कंट्रोल पाहिजे. एका प्रकरणावरून कल सांगता येत नाही. आदेशात ही तुलना पुरेशी उभी राहत नाही.

आक्षेप तिसरा, आणि सगळ्यात मोठा : चर्चा एकीकडं, निष्कर्ष दुसरीकडं

आता मूळ दुखणं. एवढी कडक टीका केल्यावर न्यायाधिकरणानं काय केलं? आराखडा मंजूर केला. समितीला आणि घेणाऱ्याला सुचवलं की लहान पुरवठादारांची रक्कम वाढवून द्या. सुचवलं, बरं का. आदेश नाही दिला.

न्यायाधिकरणाची बाजू समजून घेऊ. के. शशिधर (५ फेब्रुवारी २०१९) आणि एस्सार स्टील (१५ नोव्हेंबर २०१९) या निकालांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की किती रक्कम स्वीकारायची हा समितीचा व्यावसायिक निर्णय आहे, त्यात न्यायाधिकरणानं आपलं शहाणपण घालायचं नाही. महाराष्ट्र सीमलेस (२२ जानेवारी २०२०) प्रकरणात तर बोली अवसायन मूल्याएवढी असलीच पाहिजे असं नाही, हेही स्पष्ट झालं. ऑपरेशनल क्रेडिटरांना कलम ३० नुसार किमान मिळतं ते अवसायनाच्या क्रमानं हिशेब करून. त्या क्रमात तारणधारक बँका इतक्या पुढं असतात की शेवटच्या माणसापर्यंत शून्य उरतं. शून्याच्या तुलनेत ०.७२ टक्के जास्तच! म्हणून कागदावर अटींची पूर्तता झाली.

इथवर न्यायाधिकरणाचे हात बांधलेले दिसतात. पण एस्सारचा निकाल पूर्ण वाचा, नुसता सारांश नको. त्याच निकालात एक दार उघडं ठेवलंय. समितीनं मालमत्तेचं मूल्य जास्तीत जास्त वाढवणं आणि ऑपरेशनल क्रेडिटरांसह सगळ्यांच्या हितांचा समतोल राखणं, या गोष्टी लक्षात घेतल्याच नाहीत असं दिसलं, तर न्यायाधिकरण आराखडा समितीकडं परत पाठवू शकतं. आकडा स्वतः बदलायचा नाही, पण पुन्हा विचार करा म्हणायचं. आपल्या भाषेत ‘मेजर रिव्हिजन’. व्हिडिओकॉनच्या आदेशातली निरीक्षणं बरोबर याच निष्कर्षाकडं चालली होती. रेफरीनं पानभर आक्षेप लिहिले आणि शेवटी चौकटीत ‘अ‍ॅक्सेप्ट’वर खूण केली. समितीनं समतोल साधलाय असं वाटत होतं, तर तसं लिहून मंजुरी द्यायची. साधला नाही असं वाटत होतं, तर परत पाठवायचं. तिसरी वाट निवडली, आणि तिचं कारण आदेशात मला सापडत नाही.

पुढं काय झालं तेही बघा. बँक ऑफ महाराष्ट्र आणि आयएफसीआय या असहमत संस्था अपिलात गेल्या. १९ जुलै २०२१ ला अपील न्यायाधिकरणानं स्थगिती दिली आणि ५ जानेवारी २०२२ ला मंजुरी रद्द करून प्रकरण समितीकडं परत पाठवलं. वादाचा कणा होता असहमत वित्तीय धनकोंचे कायदेशीर हक्क, त्यांना रोख मिळणार की कर्जरोख्यांचा कागद. म्हणजे जो आकडा वाचून लोक हळहळले, त्या ०.७२ टक्क्यांनी आराखडा पाडला नाही. ज्यांना वकील लावून अपिलात जाता आलं, त्यांच्या हरकतीनं पाडला.

हे आपल्याला का महत्त्वाचं?

समजा लातूरच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याचं अशा कंपनीकडं १० लाखांचं येणं आहे. ०.७२ टक्क्यांनी त्याला मिळतील ७,२०० रुपये. मुंबईच्या दोन फेऱ्या आणि वकिलाची फी यात ते संपले. स्वतः अर्ज करावा म्हटलं, तर २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झालीय. समितीच्या बैठकीला नुसतं बसायचं म्हटलं, तरी ऑपरेशनल क्रेडिटरांची थकबाकी एकूण कर्जाच्या १० टक्के तरी पाहिजे, आणि तेव्हाही मत नाहीच. त्याच्या हातात उरतं मुदतीत दावा दाखल करणं. आपल्याकडच्या वकील मित्रांनी अशा अशिलाला जाहीर सूचना निघाल्याबरोबर ‘फॉर्म ब’ भरायला लावावा, आणि एवढं करूनही हातात काय पडेल याची खोटी आशा लावू नये. बैठकीच्या खोलीत ज्याचा कुणी नाही, त्याचं हित तपासायची जागा एकच उरते : मंजुरीच्या वेळचं न्यायाधिकरण. म्हणून ते ‘परत पाठवा’चं दार महत्त्वाचं.

नंतर दुरुस्त करू म्हणणं किती अवघड असतं, हे भूषण पॉवर अँड स्टील प्रकरणानं दाखवलं. २ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं जेएसडब्ल्यू स्टीलचा अंमलात आलेला आराखडा रद्द करून अवसायनाचा आदेश दिला. ३१ जुलैला तो निकाल मागं घेतला गेला आणि २६ सप्टेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं आराखडा कायम ठेवला. एकदा कारखाना चालू झाला, पैसे वाटले गेले, की मागं जाणं कुणालाच परवडत नाही. जे विचारायचं ते मंजुरीच्या आधी विचारलं पाहिजे.

कायदाही हलतोय. १२ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात समूहातल्या कंपन्यांच्या एकत्रित नादारीसाठी नियम करण्याची तरतूद आहे. व्हिडिओकॉनमध्ये २०१९ साली न्यायाधिकरणानं हे काम संहितेत स्पष्ट तरतूद नसताना केलं होतं.

संशोधनासाठी प्रश्न

विषय शोधत असाल तर यात दोन चांगले प्रश्न पडून आहेत. पहिला : एस्सारनंतर किती आराखडे समतोलाच्या कारणावरून समितीकडं परत गेले, आणि परत आल्यावर लहान पुरवठादारांची रक्कम खरंच वाढली का? दुसरा : मंजुरीच्या आदेशांत ऑपरेशनल क्रेडिटरांची टक्केवारी वेगळी दिली जाते, की एकूण आकड्यात विरून जाते? आदेश सार्वजनिक आहेत, मंडळाचं त्रैमासिक वार्तापत्रही मोफत मिळतं. एक्सेल येत असेल तर सुरुवात करता येते.

परीक्षक म्हणून माझा अभिप्राय : आकडे प्रामाणिक, निरीक्षणं धाडसी, निष्कर्ष त्यातून निघत नाही. मेजर रिव्हिजन.