छतावरचे रडार आणि खालचा वर्ग

विज्ञान लोकांना कसे सांगावे, हे उच्च शिक्षणाच्या संस्थेत शिकता येते का? मराठीत या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर विद्यार्थ्यांनी दिले. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. सभासदांनी निबंध लिहायचा आणि तो सभेपुढे वाचायचा. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले, ते १८६७ पर्यंत चालले. इंग्रजीत शिकलेले मराठीत मांडायचे म्हणजे आधी आपल्यालाच ते कितपत कळले आहे याची झडती घ्यावी लागते. परिभाषा तयार नव्हती, पाठ केलेले वाक्य उपयोगाचे नव्हते. या धडपडीला मी त्या पिढीचा खरा विज्ञान-अभ्यासक्रम मानतो.

पण या उपक्रमाची मर्यादाही उघड आहे. तिथे लिहिणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच पेठेतले, शिकलेले. याउलट जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) घ्या. बांधबंदिस्ती, पाणी, जनावरांची पैदास यांवर त्यात नेमक्या सूचना आहेत, आणि छापून होण्याआधी फुल्यांनी तो पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ज्याच्याविषयी लिहिले, तोच समोर बसलेला. आपले विज्ञान-लेखनाचे इतिहास ज्ञानप्रसारकापाशी रेंगाळतात आणि असूड समाजसुधारणेच्या कप्प्यात टाकून मोकळे होतात, हे मला मुळीच पटत नाही.

हा फरक आज किती महाग पडतो, ते सोलापुरात दिसले. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने इथे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. रडार बसवले होते तेही इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. विमान ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण सोडी. ते बाष्प ओढून घेतात, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून आणखी वाढतात आणि पडतात. इथवर सांगणे सोपे. नव्या पेठेतल्या दुकानांत मात्र मी वेगळेच ऐकत होतो : ‘विमान आलं की ढगं पळतेत बघा.’

याला हसून भागत नाही, कारण अवघड गोष्ट पुढेच आहे. प्रयोगासाठी २७६ ढग निवडले. त्यांतल्या काहींत कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले, आणि कोणता ढग कशात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. तसे केले नाही तर पडलेला पाऊस विमानाचा की मुळात ढगाचाच, हे कळणार कसे? २०२३ मध्ये निष्कर्ष आले : काही ठिकाणी सरासरी १८ टक्के वाढ. हे १८ टक्के कशाचे? त्या ढगाने एरवी जो पाऊस दिला असता, त्याचे. ढगच नसेल तर अठरा टक्केही शून्यावरचेच. पर्जन्यछायेतल्या, दुष्काळ सोसलेल्या माणसाला ‘तुमच्या शिवारावरचा ढग आम्ही तुलनेसाठी सोडून दिला’ हे सांगायचे कसे? सांख्यिकीचा सगळा पेपर या एका वाक्यात आहे.

महाविद्यालयांतल्या सादरीकरणाच्या स्पर्धा मी अनेकदा पाहिल्या. मुले हुशार असतात. पडद्यावरची इंग्रजी वाक्ये वाचतात, परीक्षक उच्चारांना आणि देहबोलीला गुण देतात, शेवटी ‘काही प्रश्न?’ विचारतात. सभागृह गप्प. प्रश्न येणारच कुठून, समोर तर वर्गमित्रच बसलेले! जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. म्हणजे आधी समोरच्याचा प्रश्न, मग आपले ज्ञान. आपल्या स्पर्धांत हा क्रम नेमका उलटा आहे.

मला गुण द्यायला सांगितले, तर मी परीक्षा बाजार समितीत, कांद्याचा लिलाव उरकल्यावर घेईन. रडार असलेल्या इमारतीत शिकलेल्या विद्यार्थ्याने तिथे उभे राहायचे, पडद्याशिवाय. प्रश्न एकच : ‘माझा ढग का सोडला?’ विचारणारा अक्कलकोटकडचा असेल, तर उत्तर कन्नडमध्येही द्यावे लागेल.