फुकटचे दूर-दर्शन

पंढरपुरात 'दर्शन' हा शब्द जपून वापरावा लागतो. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी, नामदेव पायरीजवळ, चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असे परंपरा सांगते. हयातभर चोखोबांना घडले ते दाराबाहेरून, दूरचे दर्शन. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये इथे उपोषण केले, तेव्हा कुठे हे दार अस्पृश्यांना उघडले. फुकटच्या दूरचित्रवाणीचा विचार करताना हे दार डोळ्यांपुढून हलत नाही.

गावाच्या कडेच्या वस्त्यांत पत्र्यावर जी छत्री दिसते ती बहुधा सरकारी असते. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश'. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा. पुढे दरमहा काही भरायचे नाही. कंपनीचा डबा रिचार्ज संपला की मुका होतो, हा होत नाही. रोजंदारीवरच्या घराला ही सोय क्षुल्लक नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलमध्ये गेली. ज्या घरात तसा मोबाइल नव्हता, तिथल्या पोरांना सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' हा आधार होता.

त्याच वर्षी पायी वारी निघाली नाही. पालख्या एसटीने आल्या आणि १ जुलैची महापूजा वारकऱ्यांनी पडद्यावर पाहिली. एका आषाढीपुरता सारा महाराष्ट्र चोखोबांच्या जागी उभा राहिला. त्या दुःखावर रकाने भरभरून लिहिले गेले. चोखोबांच्या वारसांनी सहाशे वर्षे तेच भोगले, त्यावर किती रकाने भरले?

म्हणून फुकट वाहिन्यांना हिणवणाऱ्यांत आम्ही नाही. पण हे 'फुकट' तपासले पाहिजे. फ्री डिशवर खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो. बोली कोटींत लागते. हा पैसा जाहिरातींतून वसूल होतो, म्हणजे विकली जाते ती आपली नजर. दरांचे नवे नियम आले तेव्हा, मार्च २०१९ मध्ये, मोठ्या कंपन्यांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या इथून काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. पाहणाऱ्याला कोणी विचारले नाही. येसकराची भाकरी अशीच असे. तिला हक्क म्हणत. पण ताजी वाढायची की शिळी, हे वाढणारी ठरवी.

काय वाढले गेले, तेही पाहू. बाबासाहेबांच्या जीवनावरची मराठी मालिका २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर आणि त्याच वर्षअखेर हिंदी मालिका अँड टीव्हीवर सुरू झाली. दोन्ही वाहिन्या पैसे भरणाऱ्यांसाठी. ज्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, पण दरमहाचा भरणा झेपत नाही, त्यांच्या छत्रीत त्या येत नव्हत्या. उलट उदाहरणही आहे. राज्यसभा वाहिनीने २०१४ मध्ये श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही मालिका दाखवली. सार्वजनिक पैशाने घडलेली ती मालिका पाहायला वर्गणी लागत नव्हती. म्हणजे हे अशक्य नाही, इच्छा लागते.

आधार कायद्यातही आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा. सामाजिक न्याय वाढवणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यता यांचा मुकाबला करणे, ही त्या महामंडळाची कर्तव्ये म्हणून त्यात नोंदली आहेत. मग लिलावाच्या बोलीत हे कर्तव्य कुठे बसते? कोटींची बोली लावू शकणारी चळवळ आपल्याकडे नाही. काही जागा लिलावाबाहेर राखाव्यात आणि तिथे काय दाखवायचे हे ठरवताना वस्तीतली माणसे असावीत, ही मागणी भीक नव्हे.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. दार उघडण्याची वाट पाहत बसणे त्यांनी नाकारले. आपल्या पत्र्यावर छत्री आली, हे चांगले झाले. पण पडद्यावर काय यावे हे ठरवणाऱ्या खोलीत आपण अजून पायरीशीच आहोत. शिक्षकांनी वर्गात, विद्यार्थ्यांनी वसतिगृहात आणि कार्यकर्त्यांनी सभेत आता हा प्रश्न घ्यावा.