ईसीएम बदलला, ट्रायल ओके: एका जॉब कार्डाचं परीक्षण

पेपर वाचून त्यातली चूक कशी शोधायची, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज पेपर बाजूला ठेवू. माझ्या मामाच्या ट्रकचं एक जॉब कार्ड माझ्याकडे आहे, त्याचं परीक्षण करू. त्यावर चारच ओळी आहेत:

तक्रार: गाडी लोड घेत नाही, मध्येच बंद पडते. निदान: ईसीएम फॉल्टी. काम: ईसीएम बदलला, प्रोग्रामिंग केले. ट्रायल: ओके.

समस्या, निष्कर्ष, पद्धत, रिझल्ट. क्रम थोडा उलटा आहे, पण पेपरचे सगळे अवयव आहेत.

आधी गाडीबद्दल. ट्रक २०१७ चा, बीएस-४, कॉमन रेल डिझेल इंजिनाचा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ सक्तीचं झालं, त्यानंतर लगेच घेतलेला. म्हणजे आता आठ वर्षं उलटली, पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि गॅरेजवाल्यांच्या भाषेत गाडी ‘जुनी’ झाली. मामा घोडेगावच्या बाजारातून कांदा भरतो आणि वाशीला नेतो. पांढरी पूल सोडून इमामपूर घाट चढायला लागलं की गाडी दबायची, चेक लाइट लागायची, दोनदा तर घाटातच बंद पडली. दहा-पंधरा मिनिटं थांबून परत सेल मारला की चालू! मागे लोड, गाडीत नाशवंत माल, आणि वाशीचा भाव रोज वेगळा.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. तो सेन्सर वाचतो आणि कोणत्या इंजेक्टरनं कधी, किती डिझेल सोडायचं ते ठरवतो. सेन्सरला लागणारा ५ व्होल्टचा पुरवठासुद्धा तोच करतो, आणि एका पुरवठ्यावर बहुतेकदा दोन-तीन सेन्सर असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. तीन कोड आले: एसपीएन ३५०९, १०० आणि १०२, तिन्हींपुढे एफएमआय ४. जड वाहनांच्या जे १९३९ या मानकात एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे तो क्रमांक, आणि एफएमआय म्हणजे तक्रारीचा प्रकार. ३५०९ म्हणजे सेन्सरचा पुरवठा क्रमांक १, १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा कमी, किंवा वायर कुठेतरी अर्थला लागलेली. मेकॅनिकनं यावरून असा तर्क केला: ५ व्होल्ट ईसीएम देतो, ५ व्होल्ट मिळत नाहीत, म्हणजे ईसीएम गेला.

थांबा इथे. पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं त्यांच्यातून निघत नाही. नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी टाकी बदलत नाही, आधी पाइप कुठे फुटलाय का ते बघतो. आणि पाइप फुटण्याची शक्यता तर कोडमध्येच लिहिली होती! एफएमआय ४ च्या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही. कोड हे निरीक्षण आहे: ईसीएमच्या पिनवर अमुक वेळी व्होल्टेज कमी दिसलं, एवढंच. त्याचं कारण काय, हे कोड सांगत नाही. तुम्ही एक्सआरडीचा ग्राफ सॉफ्टवेअरमध्ये टाकता, ते एक नाव सुचवतं, आणि ते नाव थेट थिसिसमध्ये जातं. तोच प्रकार.

काय करायला हवं होतं? फार काही नाही. मल्टिमीटर लावून त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सोडवायचे. एखादा सोडवल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. सगळे सोडवूनही आले नाहीत, तर ईसीएमचा कपलर काढून त्या वायरची अर्थशी कंटिन्युइटी बघायची. ईसीएमला बॅटरीचा पुरवठा आणि अर्थ नीट मिळतात का, हे लोड असताना तपासायचं, कारण गंजलेली अर्थची पट्टी बंद गाडीत मीटरला चांगली दिसते आणि सेल मारताना लाज काढते. एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी ५ व्होल्ट नाहीत, मग ईसीएमवर बोट ठेवा. वगळून वगळून केलेल्या निदानात काय काय वगळलं ते लिहावं लागतं. आपल्या कार्डावर ती जागा कोरी आहे.

आता कबुलीजबाब. मामानं मला फोन केला होता. ‘तू फिजिक्समधली आहेस, सांग गं, बदलू का?’ मी लॅबमध्ये होते, समोर पोटेन्शिओस्टॅटवर रीडिंग चालू होतं. मी म्हणाले, ‘ते म्हणतायत तर बदलून बघा मामा.’ बिल गाडीच्या दोन हप्त्यांपेक्षा मोठं झालं. कोड काय आलेत हे मी विचारलंसुद्धा नाही. त्यामुळे हे परीक्षण नुसतं गॅरेजचं नाही, सहलेखक म्हणून माझंही नाव त्यावर येतं.

पुढे काय झालं? गाडी अकरा दिवस झकास चालली. बाराव्या दिवशी इमामपूर घाटात परत तेच, तेच तीन कोड.

ती चौथी ओळ, ‘ट्रायल: ओके’, सगळ्यात धोकादायक आहे, कारण ती खरी होती. गाडी खरंच ओके झाली होती. ‘अ बदलला, ब सुधारला’ यावरून ‘अ मुळे ब’ असं म्हणायला आपल्याला फार आवडतं. पण ईसीएम बदलताना आणखी काय काय बदललं ते मोजा. बॅटरी सोडवली, कोड पुसले. कपलर काढून परत बसवला, म्हणजे पिना घासून साफ झाल्या. हार्नेस ओढून बाजूला केला, नंतर परत क्लिपमध्ये अडकवला. गाडी दोन दिवस थंड उभी राहिली. ट्रायल रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर झाली. एका प्रयोगात पाच-सहा गोष्टी एकदम हलल्या आणि श्रेय एकीला मिळालं. अधूनमधून येणाऱ्या दोषाचं तर असं की काहीच केलं नाही तरी तो काही दिवस गप्प बसतो.

यावर एक साधी तपासणी आहे: जुना ईसीएम परत लावून बघायचा. दोष परत आला आणि नवा लावल्यावर पुन्हा गेला, तर दाव्यात दम आहे. पेपरमध्ये याला उलट-चाचणी म्हणू. ती इथे शक्यच नव्हती, कारण जुना ईसीएम एक्स्चेंजमध्ये जमा झाला होता. पुरावाच बिलातून वजा झाला.

दोष शेवटी गावाकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं शोधला. स्कॅनर नव्हता, टेस्ट लॅम्प आणि मीटर होतं. त्यानं इंजिन चालू ठेवून हार्नेस इंच-इंच हलवला. टर्बोच्या बाजूच्या एका ब्रॅकेटपाशी ५ व्होल्टची वायर घासून तिचं वरचं कव्हर गेलं होतं. घाटात लोडवर इंजिन फाउंडेशनवर कलतं, वायर ब्रॅकेटला टेकते, ५ व्होल्ट अर्थला जातात, ईसीएम स्वतःला वाचवण्यासाठी करंट रोखतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. गॅरेजमध्ये हार्नेस ओढला गेला तेव्हा वायर थोडी सरकली असणार. म्हणून अकरा दिवस.

पण मला आवडलं ते त्याच्या पुढचं. वायर सापडल्यावर त्यानं लगेच टेप लावली नाही. बोटानं वायर ब्रॅकेटवर दाबली, इंजिन दबलं, चेक लाइट लागली. बोट काढलं, पुन्हा दाबलं. तीनदा. मामाला म्हणाला, ‘बघा, आता हिला मी पाहिजे तेव्हा बिघडवू शकतो.’ दोन मिनिटांत उलट-चाचणी झाली, तीही माझ्या गेल्या वर्षीच्या पोस्टरपेक्षा चांगली.

गॅरेजवाल्याला मूर्ख ठरवून मोकळं होऊ नका. वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. पार्टचे पैसे मात्र बिलावर छापून येतात. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कंट्रोलच्या रीडिंगला कुणी पेपर देत नाही.

उलट बाजूही बघा, नाहीतर ‘ईसीएम कधी जातच नाही’ अशी नवी अंधश्रद्धा तयार होईल. तो जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं सुकतात, सोल्डरला तडे जातात, कपलरमधून पाणी शिरतं, शॉर्ट झालेला इंजेक्टर आपल्याबरोबर त्याचा ड्रायव्हर घेऊन जातो. शेवटच्या प्रकारात कारण न शोधता नवा लावला तर तोही जळतो. आणि चांगला-वाईट ठरवणारी चाचणी स्वतःच फसू शकते. फोर्डच्या गाड्यांमध्ये टीएफआय नावाचं इग्निशन मोड्यूल डिस्ट्रिब्युटरवर बसवलेलं असायचं. गरम झालं की गाडी बंद, थंड झालं की चालू. थंड टेबलावर तपासलं की ‘दोष नाही’. मायकेल पेक्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स रिलायबिलिटी’ या जर्नलमध्ये या ‘दोष सापडला नाही’ प्रकारावर लिहिलंय, जरूर वाचा. मामाच्या गाडीत चांगल्या पार्टला फाशी झाली, तिथे वाईट पार्ट निर्दोष सुटत होता. दोन्हीकडे दोष ज्या परिस्थितीत येतो त्या परिस्थितीत तपासलंच नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात व्हीआरडीई आहे, तिथे केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नव्या मॉडेलच्या चाचण्या होतात. पण आठ वर्षं धूळ, डिझेल आणि हादरे खाल्लेल्या एका विशिष्ट हार्नेसबद्दल नव्या गाडीचं सर्टिफिकेट काही बोलत नाही.

शेवटी माझ्याच गोष्टीवर एक आक्षेप, तुम्ही घ्यायच्या आधी मीच घेते. वायर दाबून दोष तयार करता येतो, हे सिद्ध झालं. जुना ईसीएम शंभर टक्के चांगला होता, हे सिद्ध झालेलं नाही. तो हातात असता तर लावून बघितला असता. मामाला मी हे सांगायला गेले तर तो म्हणाला, ‘आता ते नको गं. टेप टिकतीय का ते बघ.’ वायरवर नवी स्लीव्ह घातली आहे, ब्रॅकेटची धार कानशीनं घासली आहे, आणि ही पोस्ट लिहीपर्यंत गाडीनं चार वेळा भरलेला घाट चढलाय. चार हा आकडा लहान आहे, मला माहितीये.