फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी आणि मराठीतील वादपद्धती : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ग्रह-नक्षत्रांचा विषय मराठी समाजात विज्ञान, राजकारण आणि दैनंदिन जीवन या तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी वावरतो. फलटण, माण, खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यात मृग नक्षत्र लागले की यंदा त्याचे वाहन कोणते, मोर की गाढव, याची विचारपूस होते. विवाह ठरविताना मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे काय, हे पाहिले जाते. त्याच मंगळाच्या कक्षेत २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान पोहोचले, याचा अभिमानही त्याच घरात बाळगला जातो. या विसंगतीवर मराठीत पुष्कळ वाद झाले. वृत्तपत्रांची वाचकांची पत्रे, व्याख्यानमाला, परिसंवाद आणि महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा यांतून हा विषय पुन्हा पुन्हा येत राहिला. तथापि बहुतेक वाद जेथे सुरू झाले तेथेच संपले.

याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे २००८ मध्ये महाराष्ट्रात घेण्यात आलेली फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी होय. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे हे तिचे कर्ते होत. तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या चाचणीने काय सिद्ध केले, यापेक्षा तिने वादाची रीत कशी बदलली आणि तिचे बळ कोठे थांबले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गणित आणि फलित यांतील भेद

वादाच्या गोंधळाचे पहिले कारण म्हणजे ‘ज्योतिष’ या एकाच शब्दात सामावलेले दोन वेगळे व्यवहार. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या ग्रंथात गणित, संहिता आणि होरा या परंपरागत स्कंधांची मांडणी केली आहे. ग्रह केव्हा कोठे असेल हे सांगणे हा गणिताचा भाग, तर त्यामुळे माणसाचे काय होईल हे सांगणे हा होऱ्याचा, म्हणजेच फलिताचा भाग होय. ग्रहणाची वेळ अचूक येते म्हणून विवाहाचे भाकीतही खरे मानावे, हा युक्तिवाद पहिल्याची पत दुसऱ्याला उसनी देतो.

नक्षत्राच्या वाहनाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. सूर्य मृग नक्षत्रात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रवेश करतो, हे गणित आहे आणि ते बरोबर आहे. वाहन मात्र सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, त्या संख्येला ९ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरते. या बाकीचा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांशी संबंध असल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिली माहिती ऋतुमानाची खूण म्हणून उपयोगी आहे. दुसरीवर पेरणीचा निर्णय सोपविणे धोक्याचे आहे. दोन्ही गोष्टी पंचांगाच्या एकाच पानावर छापल्या जातात, एवढेच त्यांच्यातील साम्य.

मंगळदोषाचीही अशीच तपासणी करता येते. रूढ नियमानुसार १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानी मंगळ असल्यास पत्रिका मंगळाची मानतात. बारा स्थानांपैकी पाच स्थाने दोषाची ठरत असतील, तर अपवादाचे नियम लावण्यापूर्वी सुमारे ४२ टक्के माणसे ‘मंगळाची’ निघतात. जो दोष जवळजवळ निम्म्या समाजात आढळतो, त्याला दोष म्हणावे काय, हा प्रश्न श्रद्धेचा नसून साध्या अंकगणिताचा आहे.

वादाच्या पूर्वीच्या पद्धती

२००८ पूर्वी या विषयावर वाद घालण्याच्या मुख्यतः तीन पद्धती दिसतात.

पहिली पद्धत निवेदनाची. १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘द ह्यूमनिस्ट’ या नियतकालिकात १८६ शास्त्रज्ञांच्या सह्यांचे फलज्योतिषविरोधी पत्रक प्रसिद्ध झाले. स्वाक्षरी करणाऱ्यांत नोबेल पुरस्काराचे मानकरीही होते. कार्ल सेगन यांना फलज्योतिष मान्य नव्हते, तरीही त्यांनी सही नाकारली. कारण पत्रकाचा सूर त्यांना अधिकारवाणीचा वाटला. तत्त्वचिंतक पॉल फायराबेंड यांनीही त्यावर टीका केली. प्रामाण्य नाकारणाऱ्यांनीच प्रामाण्याचा आधार घ्यावा, ही त्या पत्रकाची उणीव होती.

दुसरी पद्धत शासन आणि न्यायालय यांच्याकडे धाव घेण्याची. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ हा अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला. देशभरातील शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. नारळीकरही त्यांत होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये आयोगाचा निर्णय कायम राहिला. अभ्यासक्रम कोणता असावा, हे शैक्षणिक तज्ज्ञ संस्थांनी ठरवावे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे अधिकाराचा प्रश्न सुटला. भाकिते खरी ठरतात काय, हा मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

तिसरी पद्धत आव्हानाची. श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही हीच वाट स्वीकारली. आव्हानाने प्रबोधनाच्या सभा गाजतात. परंतु आव्हानाला न येणारा माणूस पराभूत ठरत नाही, तो केवळ अनुपस्थित राहतो. शिवाय आव्हानात प्रतिष्ठा पणाला लागते आणि प्रतिष्ठा पणाला लागली की मत बदलणे कठीण होते.

चाचणीचे स्वरूप

२००८ च्या चाचणीने यांहून वेगळी वाट धरली. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांतून, शिक्षकांच्या मते हुशार असलेल्या मुलांची जन्मविषयक माहिती गोळा केली. विशेष शाळांतून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचीही तशीच माहिती घेतली. प्रत्येक गटातील १०० याप्रमाणे २०० पत्रिका तयार झाल्या. त्यांचे सांकेतिक क्रमांक व उत्तरे प्रा. कुंटे यांच्या ताब्यात होती. सहभागी ज्योतिषाला त्यांपैकी यादृच्छिक निवडीने ४० पत्रिका पाठविण्यात येत. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच त्याने सांगावयाचे होते. यशाचा निकष आधीच जाहीर केला होता : ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर.

२८ हा आकडा मनमानी नव्हता. नाणे उडवून उत्तरे दिली तर सरासरी २० बरोबर येतील. २८ किंवा अधिक येण्याची शक्यता हजारात सुमारे ८ आहे. म्हणजे केवळ नशिबाने कोणी उत्तीर्ण होणे अवघड, पण ज्याला पत्रिकेवरून खरोखर काही कळते त्याला शंभरपैकी तीस चुका माफ, अशी ही अट होती.

५१ ज्योतिषांनी पत्रिका मागविल्या. २७ जणांनी उत्तरे पाठविली. त्यांतील सर्वाधिक गुण २४ होते. कोणीही २८ पर्यंत पोहोचले नाही आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिकांची उत्तरे दिली. त्यांपैकी १०२ बरोबर होती. या आकड्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. केवळ नाणे उडविणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक २४ किंवा अधिक गुण मिळवितात. म्हणजे अशा २७ जणांत तिघे-चौघे तेथवर पोहोचावेत. प्रत्यक्षात एकच पोहोचला. तेव्हा सर्वाधिक गुणांतही कौशल्याचा पुरावा शोधता येत नाही.

आक्षेपांचा विचार

अशा चाचणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार दोन भागांत करणे इष्ट ठरेल.

पहिला भाग पद्धतीविषयक आक्षेपांचा. जन्मवेळ अचूक नसते, अयनांशाबाबत मतभेद आहेत, संगणकाने काढलेली पत्रिका पुरेशी नसते, इत्यादी. यांत तथ्य नाही असे नाही. टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष आणि इतरत्र रूढ असलेला चित्रापक्ष यांच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे एकाच क्षणी जन्मलेल्या मुलाची रास दोन पंचांगांत भिन्न येऊ शकते. परंतु हा आक्षेप चाचणीपेक्षा व्यवसायालाच अधिक अडचणीत आणतो. ज्या अचूकतेच्या अभावी चाचणी अमान्य ठरते, त्याच अचूकतेच्या अभावी दररोज विवाह जुळविले व मोडले जातात. चाचणीच्या दिवशी मर्यादा आठवावयाच्या आणि दक्षिणा घेताना त्या विसरावयाच्या, ही भूमिका टिकणारी नाही.

दुसऱ्या भागातील आक्षेप अधिक गंभीर असून ते समर्थकांनीही स्वीकारले पाहिजेत. १९८५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शॉन कार्लसन यांनी पाश्चात्त्य फलज्योतिषाच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्या आखणीत ज्योतिषांचाही सहभाग होता. तीन व्यक्तिचित्रांतून योग्य ते निवडण्यात किमान निम्म्या वेळा यश येईल, असे त्यांनी पूर्वीच सांगितले होते. प्रत्यक्षात यश सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे योगायोगाइतकेच आले. महाराष्ट्रातील चाचणीची आखणी मुख्यतः आयोजकांच्या बाजूने झाली. दोन्ही पक्षांच्या सहीने अटी ठरल्या असत्या, तर पुढे पळवाटा कमी उरल्या असत्या. तसेच निम्म्या मागणीदारांनी उत्तरेच न पाठविल्यामुळे निष्कर्ष २७ जणांपुरता सांगणे हेच शास्त्रीय शिस्तीला धरून होईल. ‘ज्योतिष कायमचे खोटे ठरले’ अशी घोषणा व्यासपीठावर शोभेल. अहवालातून मात्र तेवढे निघत नाही. अहवालातून निघते ते असे की, बुद्धिमत्तेसारखी ठळक गोष्ट पत्रिकेवरून ओळखता येते, या दाव्याला येथे आधार मिळाला नाही.

चाचणीचे बळ कोठे थांबते

या चाचणीचा आणखी एक विचार आवश्यक आहे. तिने तपासलेला प्रश्न आणि माणूस ज्योतिषाकडे घेऊन जातो तो प्रश्न, हे भिन्न आहेत. आपला मुलगा हुशार आहे काय, हे विचारण्यासाठी कोणी पत्रिका उघडत नाही. मुलीचे लग्न का लांबते, बोअरला पाणी लागेल काय, नोकरी केव्हा लागेल, हे प्रश्न तेथे विचारले जातात. त्यांच्यामागे अनिश्चितता असते आणि ती ऐकून घेणारा कोणी हवा असतो. घाटपांडे यांच्या ‘ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी’ या पुस्तकाचे महत्त्व येथे ध्यानात येते. प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले हे पुस्तक जातकाच्या शंकेपासून सुरुवात करते. चाचणी दाव्याचे उत्तर देते, तर हे पुस्तक गरजेशी बोलू पाहते. मराठी विवेकवादी लेखनात पहिल्या प्रकाराच्या मानाने दुसरा प्रकार विरळ आहे, हे मान्य करावे लागेल.

कायद्याकडूनही या बाबतीत अपेक्षा ठेवता येत नाही. दाभोलकरांच्या प्रयत्नांतून आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध आहे. जोशी-ज्योतिषांचा सल्ला त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला आहे. म्हणून या क्षेत्रात वाद, संवाद आणि चाचणी हीच साधने उरतात. ही साधने बोथट झाली तर त्यांच्या जागी दुसरे काही येणार नाही.

निष्कर्ष

साताऱ्यात १९४५ मध्ये जन्मलेले दाभोलकर, त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली समिती आणि सांगलीहून प्रसिद्ध होत आलेले ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ यांमुळे सातारा-सांगलीच्या परिसराला या वादात विशेष स्थान आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. ‘तुमचे म्हणणे तपासून पाहू’ हे वाक्य उच्चारण्याची किंमत काय असू शकते, हे या परिसराने जवळून पाहिले आहे. म्हणूनच ते वाक्य जपणे हे स्मृतिदिनाच्या भाषणापेक्षा मोठे कार्य ठरते.

या चाचणीचा खरा वारसा तिच्या निकालापेक्षा तिच्या पहिल्या अटीत आहे : कोणता निकाल आला तर आपण चुकलो असे मानू, हे आधी सांगावे. ही अट पाळणारा वाद पुढे जातो. न पाळणारा वाद केवळ आवाज वाढवितो. ती अट श्रद्धाळूंइतकीच विवेकवाद्यांनाही, आणि अंतराळ मोहिमांच्या खर्चापासून निवडणुकीपर्यंतच्या प्रत्येक मतप्रदर्शनालाही लागू आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना हे कार्य सहज पेलण्यासारखे आहे. जुनी पंचांगे घरोघरी सापडतात आणि तालुक्याच्या पावसाच्या नोंदी शासनदरबारी असतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नक्षत्रांची वाहने आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस शेजारी-शेजारी मांडावा. निकष आधी लिहून ठेवावा. आणि पंचांग पाहणाऱ्या एखाद्या जाणत्या गृहस्थाची त्याखाली सही घ्यावी. निकाल कोणताही लागो, दोन्ही पक्ष एकाच कागदावर आलेले असतील.